वीसपट आणि सोळापट

परदेशातल्या मुलाशी फोनवर काय बोलावं, हे आमच्या बाबांना कधी जमलंच नाही. आई पंधरा-वीस मिनिटं सगळ्या अकोल्याची खबर द्यायची आणि मग, "घ्या, तुम्ही बोला," म्हणून फोन बाबांच्या हातात द्यायची. बाबांचे प्रश्न दोनच. "तब्येत बरी आहे ना?" आणि "तिकडे लाइट जाते का?" बाबा वीज मंडळाच्या बिलिंग विभागातून निवृत्त झालेले. २००५ साली मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तरी त्यांच्या तोंडी शेवटपर्यंत 'बोर्ड'च राहिलं. त्यामुळे 'लाइट जाते का' हा त्यांच्या दृष्टीनं क्षेमकुशल विचारण्याचाच प्रकार होता.

ऑक्टोबर २००७ मध्ये मात्र त्यांनी तिसरा प्रश्न विचारला. "ते तुमच्या गावचे गोरसाहेब. त्यांना नोबेल मिळालं म्हणे?"

'तुमच्या गावचे' हे अगदीच खोटं नव्हतं. एम.एस. करून मी नोकरीसाठी टेनेसी राज्यात नॅशव्हिलला आलो होतो. अल गोर यांचं घर याच शहराला लागून असलेल्या बेल मीडमध्ये. आम्ही राहायचो हार्पेथ नदीच्या बाजूला, बेलव्ह्यू भागात. आमच्या घरापासून त्यांचं घर गाडीनं फार लांब नाही, एवढाच आमचा संबंध!

शुक्रवार, १२ ऑक्टोबर २००७. नवरात्र नुकतंच बसलं होतं. सकाळी ऑफिसला निघताना रेडिओवर बातमी ऐकली. त्या वर्षीचं शांततेचं नोबेल अल गोर आणि हवामानबदलाचा अभ्यास करणारी संयुक्त राष्ट्रांची समिती, म्हणजे आय.पी.सी.सी., यांना विभागून. समितीचे अध्यक्ष आपले राजेंद्र पचौरी. मला वाटलं, आज ऑफिसात पेढे वाटतील. निदान डोनट्स तरी!

तसं काही झालं नाही. टेनेसीचं आणि गोर यांचं नातं अवघड जागचं. २००० सालच्या निवडणुकीत फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी काय घडवलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण गोर यांनी स्वतःचं राज्य जिंकलं असतं, तर टेनेसीच्या ११ मतांवर फ्लोरिडाशिवायच ते अध्यक्ष झाले असते. ते इथं हरले. त्यामुळे इथल्या निम्म्या लोकांच्या मनात अपराधी भावना आणि उरलेल्या निम्म्यांच्या मनात विजयाचा आनंद, सात वर्षांनंतरही तसाच ताजा होता.

दुपारी जेवणाच्या खोलीत विषय निघाला तो नोबेलचा नाहीच, गोर यांच्या वीजबिलाचा. फेब्रुवारीत त्यांच्या 'अ‍ॅन इनकन्व्हिनियंट ट्रुथ' या माहितीपटाला ऑस्कर मिळालं होतं आणि दुसऱ्याच दिवशी इथल्या एका संस्थेनं त्यांच्या घराचे आकडे जाहीर केले होते. २००६ या एका वर्षात सुमारे २ लाख २१ हजार युनिट. सरासरी अमेरिकन घराचा वापर धरला होता १०,६५६ युनिट. म्हणजे विसापेक्षा जास्त पट! गोर यांच्या माणसांनी खुलासा केला की घरातच दोघा नवराबायकोची ऑफिसं आहेत, ते जास्त पैसे देऊन हरित वीज घेतात, सौर पॅनेल बसवायचं चाललंय. खुलासा कोण ऐकतो? 'वीसपट' हा शब्द म्हणायला सोपा होता. आमच्या मॅनेजरनं भिंतीवरचं दिव्याचं बटण बंद केलं आणि म्हणाला, "अलसाठी थोडी वीज वाचवू या."

सगळे हसले. मीही हसलो. एच-वन व्हिसा, ग्रीन कार्डाचे कागद कंपनीच्या हातात. साहेबाच्या विनोदाला हसणं हा नोकरीचा भागच असतो. पण खरं सांगायचं तर मी केवळ भीतीनं हसलो नाही. मला बरं वाटलं होतं. एवढा मोठा माणूस जगाला शहाणपण शिकवतो आणि स्वतःच्या घरी दिवे जाळतो, मग आपल्याला कोण काय बोलणार? असं ते बरं वाटणं होतं.

त्या आठवड्यात जगभरातून आलेल्या प्रतिक्रिया मी मोठ्या चवीनं वाचल्या. व्हाइट हाऊसनं अभिनंदन केलं, पण धोरणात काही फरक पडेल असा सूर नव्हता. चेक प्रजासत्ताकाचे अध्यक्ष व्हात्स्लाव्ह क्लाउस यांच्या प्रवक्त्यानं सांगितलं, की गोर यांच्या कामाचा जागतिक शांततेशी काय संबंध ते स्पष्ट नसल्यामुळे अध्यक्षांना आश्चर्य वाटलं. रेडिओवरचे रश लिंबॉ यांची गंमत वेगळीच. त्याच वर्षी एका कायदेविषयक संस्थेनं शांततेच्या नोबेलसाठी त्यांचंच नाव पाठवल्याचं जाहीर केलं होतं! डेमोक्रॅट मंडळींना आनंद झाला, पण त्यांचं लक्ष २००८ च्या निवडणुकीवर. गोर यांनी उभं राहावं म्हणून त्यांच्या चाहत्यांनी दोनच दिवस आधी न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली होती. नोबेल समितीच्या अध्यक्षांना पत्रकारांनी विचारलं, की हा बुश यांना टोला आहे का? त्यांना सांगावं लागलं, की शांततेचं पारितोषिक कुणाविरुद्ध नसतं. प्रश्न अगदीच हवेतला नव्हता. २००२ मध्ये जिमी कार्टर यांना नोबेल मिळालं, तेव्हाच्या समिती-अध्यक्षांनी उघडच सांगितलं होतं की यात बुश सरकारवर टीका आहे.

त्याच आठवड्यात, १० ऑक्टोबरला, लंडनच्या उच्च न्यायालयाचा निकाल आला होता. गोर यांचा माहितीपट शाळांत दाखवावा की नाही यावर खटला होता. न्यायाधीशांनी सांगितलं, की हवामानबदलाबद्दलचं मुख्य म्हणणं साधारण बरोबर आहे, पण नऊ ठिकाणी तो शास्त्रज्ञांच्या सर्वसाधारण मतापासून दूर जातो. समुद्र नजीकच्या काळात वीस फूट चढेल असं सुचवणं हे त्यातलं एक. तेव्हा शिक्षकांना सूचना देऊन दाखवा. झालं! एका बाजूनं 'साधारण बरोबर' उचललं, दुसऱ्या बाजूनं 'नऊ चुका'. अख्खा निकाल दोन्ही बाजूंपैकी कुणालाच नको होता.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकनांचं सोडा, आपल्या मंडळाचं काय? नोव्हेंबरात दिवाळीचा कार्यक्रम झाला. शाळेच्या कॅफेटेरियात चकलीच्या ताटाभोवती परिसंवाद रंगला. पहिला मुद्दा अर्थातच, "नोबेल खरं आपल्या पचौरींना मिळालंय, गोर फक्त वाटेकरी." पचौरी वाराणसीच्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात काम केलेले आणि नॉर्थ कॅरोलायनात पीएच.डी. केलेले, म्हणजे आपल्यातलेच. मी माझं वाचन पाजळलं. २००२ मध्ये पचौरी अध्यक्ष झाले ते बुश सरकारच्या पाठिंब्यावर, आणि तेव्हा याच गोर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून त्यांच्यावर सडकून टीका केली होती. 'काम लांबणीवर टाकणारा उमेदवार' असा त्या लेखाचा रोख होता. पाच वर्षांनी दोघं एकाच पारितोषिकाचे वाटेकरी! लोकांना हे ऐकून मजा वाटली.

मग मुद्दा भारतावर आला. त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी जाहीर केलं होतं, की भारताचं दरडोई उत्सर्जन श्रीमंत देशांच्या दरडोई उत्सर्जनाच्या वर कधीच जाऊ देणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. "बरोबर आहे. दीडशे वर्षं धूर यांनी केला, आता आपल्याला अक्कल शिकवतात." हे म्हणणारे आम्ही सगळे दोन-दोन गाड्यांतून आलो होतो, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. वाद घालताना आम्ही भारतीय होतो, बिल भरताना अमेरिकन.

हे माझ्या लक्षात आणून दिलं ते बाबांच्या त्या तिसऱ्या प्रश्नानं. फोनवर मी त्यांना वीसपटीचा किस्सा रंगवून सांगितला. मला वाटलं, बिलिंगमधल्या माणसाला आवडेल. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आणि तुझं किती येतं?"

"शंभर-सव्वाशे डॉलर."

"पैसे नाही विचारले. युनिट किती?"

मला माहीतच नव्हतं! सॉफ्टवेअरमध्ये आयुष्य काढणारा माणूस मी, दुसऱ्याच्या घराचे युनिट पाठ आणि स्वतःचे ठाऊक नाहीत. फोन धरून ठेवला आणि बिल शोधलं. मागच्या बारा महिन्यांची बेरीज निघाली १६,३२०. आम्ही दोघंच होतो तेव्हा. हीटिंग, कूलिंग, गरम पाणी, कपडे वाळवायचं यंत्र, सगळं विजेवर. पलीकडून कागदाचा आवाज आला. बाबा म्हणाले, "आमची वर्षाची एक हजार वीस. त्यात उन्हाळ्याचा कूलर आला. म्हणजे तू बरोबर सोळापट." आणि नेहमीच्या आवाजात पुढे, "बरं, ठेवतो. इथं लाइट जायची वेळ झाली."

तेव्हा विदर्भात भारनियमन जोरात होतं. चंद्रपूर, कोराडी, आमच्या जवळचं पारस, कोळसा जाळून वीज इथं बनायची आणि अंधारही इथंच असायचा. मुंबईत मात्र दिवे. बाबा त्याबद्दल कधी चिडून बोलले नाहीत. त्या रात्री मला मात्र झोप आली नाही. गोर सरासरी अमेरिकनाच्या वीसपट आणि मी माझ्या बापाच्या सोळापट.

२००८ च्या जूनमध्ये आमची मुलगी जन्मली आणि बाळंतपणासाठी आईबाबा सहा महिने आले. आता आमच्या शेजाऱ्यांबद्दल सांगायला हवं. सत्तरीचे गृहस्थ, उन्हाळ्यात टोमॅटो आणून देणारे, रविवारी चर्चला जाणारे. त्यांच्या भल्या मोठ्या गाडीवरून आम्ही घरात त्यांना 'पिकअपकाका' म्हणायचो. गोर हा शब्द काढला की काका लाल व्हायचे. नोबेल मिळालं त्या दिवशी कुंपणापाशी मला म्हणाले होते, "हे पारितोषिक त्याला नाही, त्याच्या पक्षाला दिलंय."

बाबांची आणि त्यांची दोस्ती जमली. काका टेनेसी व्हॅली अथॉरिटीच्या, म्हणजे टी.व्ही.ए.च्या, कोळशाच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. आम्हाला येणारी निम्म्याहून जास्त वीज तेव्हा कोळशाचीच होती. बाबांचं इंग्रजी फाइलीतलं, काकांचं अस्सल दक्षिणी. पण बॉयलर, फीडर, ट्रान्सफॉर्मर हे शब्द दोघांनाही कळत. संध्याकाळी दोघं व्हरांड्यात बसत. मी एकदा जेवताना म्हटलं, "माणूस चांगला आहे, पण हवामानाचं काही पटवून घेत नाही. गोरवर नुसता दात धरून आहे."

बाबा म्हणाले, "त्याचा राग गोरवर नाही रे. तीस वर्षं त्यानं रात्रपाळ्या करून लोकांच्या घरात उजेड दिला. आता एक जण टीव्हीवर येऊन सांगतो की ते चूक होतं, आणि सगळं जग त्याला मेडल घालतं. मला कुणी असं म्हटलं तर मीपण वीजबिलच काढीन त्याचं."

एवढी वर्तमानपत्रं वाचून मला जे समजलं नव्हतं, ते त्यांनी वरणभात कालवता कालवता सांगितलं. मी जरा चिडूनच विचारलं, "म्हणजे गोर चूक?"

"गोरचं शास्त्र बरोबर असेल. याचं दुखणंही खरं आहे. आणि आपलं बिल तर छापीलच आहे."

निघताना बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं, की दर महिन्याला फोनवर युनिट सांगायचे. ते गेले नोव्हेंबरात. २२ डिसेंबर २००८ ला पूर्व टेनेसीत किंग्स्टनच्या वीजकेंद्राचा राखेचा बांध फुटला आणि शंभर कोटी गॅलनहून जास्त ओली राख नदीत आणि लोकांच्या दारात गेली. त्या आठवड्यात पिकअपकाका कुंपणापाशी आले, पण काही बोलले नाहीत. मीही काही बोललो नाही.

देशाचं राजकारण मात्र उलट्या दिशेनं गेलं. नोबेलनंतर लगेच काही काळ बरे दिवस होते. २००८ मध्ये गोर यांच्याच संस्थेच्या जाहिरातीत न्यूट गिंग्रिच आणि नॅन्सी पेलोसी हे हाडवैरी एका सोफ्यावर बसून हवामानाबद्दल बोलत होते. रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांच्याकडेही कार्बनवर मर्यादा घालायची योजना होती. जून २००९ मध्ये तसा कायदा प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी पास झाला आणि सेनेटमध्ये अडकून संपला. २०११ मध्ये गिंग्रिच यांनी कबूल केलं, की त्या सोफ्यावर बसणं हा आपण अलीकडे केलेला सर्वांत मोठा मूर्खपणा. विषय हवेचा होता, तो पक्षाच्या रंगाचा झाला. पचौरींच्या समितीचीही २०१० मध्ये नाचक्की झाली. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील हे अहवालातलं विधान चुकीचं निघालं आणि मागे घ्यावं लागलं. पुढे २०१५ मध्ये एका सहकारी स्त्रीनं केलेल्या लैंगिक छळाच्या तक्रारीनंतर पचौरींना पद सोडावं लागलं. मंडळात 'आपले पचौरी' म्हणणं बंद झालं. माणसावर सगळा भार टाकला की असं होतं. माणूस घसरला की मुद्दाही घसरला असं आपण धरून चालतो.

मे २०१० ची पहिली तारीख नॅशव्हिलचा कुणी माणूस विसरणार नाही. दोन दिवसांत तेरा इंचांवर पाऊस. कंबरलँड नदी सुमारे ५२ फुटांवर गेली. आमची हार्पेथ तर रस्त्यावरच आली. गॅरेजमध्ये गुडघाभर पाणी, कडेवर दोन वर्षांची पोर. पहाटे दार वाजलं. पिकअपकाका छातीपर्यंत येणारी रबरी पँट चढवून उभे. मुलीला आणि बायकोला त्यांनी आपल्या मासेमारीच्या होडीतून उंचावर नेलं, मग माझ्यासाठी परत आले. हा पूर हवामानबदलानं आला असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही एकट्या त्या पुराबद्दल म्हणणार नाही. पण होडीत बसल्यावर मला जेवणाच्या खोलीतलं माझं हसणं आठवलं आणि कुंपणापाशी काकांबद्दल मनात आणलेले शब्दही आठवले.

बाबा २०१७ मध्ये गेले. कपाटात त्यांची बोर्डाच्या जमान्यातली लांबट वही सापडली. डावीकडे 'अकोला', उजवीकडे 'नॅशव्हिल' आणि शेवटच्या रकान्यात 'पट'. दर वर्षाची बेरीज सुबक अक्षरात. २००७ ला सोळा, आणि २०१६ ला आठ! क्षणभर मला फार अभिमान वाटला. आम्ही नवीन हीट पंप बसवला होता, दिवे बदलले होते. मग आकडे नीट वाचले. माझे १६,३२० चे १४,४०० झाले होते. त्यांचे १,०२० चे १,८००. मीच पाठवलेल्या पैशातून २०१४ साली त्यांनी झोपायच्या खोलीत ए.सी. बसवला होता, अकोल्याचा मे महिना म्हातारपणी सोसवत नाही म्हणून. सोळाचे आठ झाले त्यात माझा वाटा थोडा आणि त्यांच्या ए.सी.चा जास्त. बाबांनी तिथं शेरा मारलेला नव्हता. हिशेब तेवढा मांडला होता.

डिसेंबर २०१९ मध्ये ग्रेटा थुनबर्ग टाइम मासिकाची 'पर्सन ऑफ द इयर' झाली आणि अध्यक्ष ट्रम्प यांनी ट्विट करून तिची चेष्टा केली, तिला राग आवरायला शिक म्हणून सांगितलं. आमची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. तिनं विचारलं, "बाबा, एवढा मोठा माणूस एका मुलीला का चिडवतो?" मी काही तरी राजकीय उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि थांबलो. बारा वर्षांपूर्वी एका विनोदाला आपणही हसलो होतो, हे आधी सांगितलं. मग आजोबांची वही काढून दिली.

तेव्हापासून वही तिच्याकडे आहे. आता ती हायस्कूल संपवते आहे. उजवा रकाना नेमानं भरते. डावा मोकळा आहे, कारण आई पुण्याला भावाकडे असते आणि अकोल्याचं घर बंद आहे. परवा ती म्हणाली, "आता भागायचं कशानं?" मला उत्तर सुचलेलं नाही.

तुमच्या घरी असा रकाना भरणारं कुणी असेल, तर या रविवारच्या फोनवर तब्येतीबरोबर युनिटही विचारा. आणि त्याआधी आपलं बिल काढून हाताशी ठेवा, कारण पलीकडून तोच प्रश्न येणार आहे.